पियानोतील आर्द्रता-नियंत्रण यंत्रणा: बसवणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

पियानोच्या आत बसवायच्या आर्द्रता-नियंत्रण यंत्रणांची माहिती देताना ऊब देणाऱ्या दांडीचे वॅट, टाकीचे माप आणि दिव्यांचे रंग यांचा तपशील भरपूर दिला जातो. यंत्र पियानोत नेमके कुठे आणि कसे बसवले यावर त्याचा सगळा गुण अवलंबून असतो, ही गोष्ट मात्र दोन ओळींत उरकली जाते. पियानो सुरात लावण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करताना अशा यंत्रणा मी बसवल्या आहेत आणि इतरांनी बसवलेल्या उघडूनही पाहिल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की ही यंत्रणा जरूर घ्यावी. पण ह्युमिडिस्टॅटची, म्हणजे आर्द्रता ओळखून यंत्र चालवणाऱ्या छोट्या डब्याची, जागा चुकली आणि पियानोच्या पोटातील हवा चारी बाजूंनी मोकळी राहिली, तर उत्तम यंत्रही केवळ वीज खात राहते.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव म्हणजे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डॅम्प-चेसर या कंपनीची ‘पियानो लाइफ सेव्हर’ यंत्रणा. ही कंपनी १९४७ पासून पियानोसाठी आर्द्रता-नियंत्रणाची साधने बनवते आहे. यंत्रणेचे मुख्य भाग तीन आहेत. हवा कोरडी करणारी, हलकी ऊब देणारी लांब नळीसारखी दांडी हा पहिला. दुसरा भाग म्हणजे पाण्याची टाकी. तिच्यातील गरम दांडीवर कापडी पॅड घातलेले असतात, त्यांची टोके पाण्यात बुडालेली असतात आणि पॅडने वर ओढलेले पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. तिसरा भाग ह्युमिडिस्टॅट. हवेतील सापेक्ष आर्द्रता ओळखून या दोहोंपैकी कोणाला वीज द्यायची हे तो ठरवतो आणि आर्द्रता साधारण ४० ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात राखतो. याखेरीज वाजवायच्या पट्ट्यांखाली लावायचा छोटा दिव्यांचा फलक असतो: हिरवा दिवा वीज चालू असल्याचा, पिवळा पाणी भरण्याचा आणि लाल पॅड बदलण्याचा. रचना साधी आहे, फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे आवाज होत नाही, आणि वाद्याच्या पोटात कायम राहणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा फार मोठा गुण आहे.

आर्द्रतेचा एवढा बाऊ कशासाठी, असे ज्यांना वाटते त्यांनी साउंडबोर्डाकडे, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीकडे, पाहावे. तो स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या पातळ फळ्या जोडून केलेला असतो, त्याची जाडी जेमतेम ८-९ मिलिमीटर असते आणि त्याला तारांच्या दिशेने किंचित फुगवटा दिलेला असतो. पियानोत सुमारे २२० ते २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हवा दमट झाली की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, साउंडबोर्ड वर उचलला जातो, त्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, तारांना अधिक रेटतो आणि सूर चढतो. हवा कोरडी पडली की याच्या उलट होते. सर्व तारांचे सूर सारखेच सरकले असते तर एकवेळ चालले असते, पण तसे होत नाही. मंद्रातील तांबे गुंडाळलेल्या तारा संपून साध्या पोलादी तारा जिथे सुरू होतात, तिथले सूर सर्वाधिक हलतात आणि अगदी वरच्या टोकाचे त्या मानाने कमी. म्हणून ऋतू पालटला की पियानो एकसारखा चढा किंवा उतरा न लागता आपापसात बेसुरा लागतो. साधारण २१ अंश तापमानात ४२ टक्के आर्द्रतेला लाकडातील पाण्याचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ८० टक्के आर्द्रतेला तेच १६ टक्क्यांपर्यंत जाते. इतक्या फरकात पट्ट्यांची बुशिंग (आतली कापडी अस्तरे) आवळतात, हातोड्या रेंगाळतात, तारांवर गंज चढतो. आणि उलट टोकाला, फार कोरड्या हवेत, पिनब्लॉक, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना ज्यात रुतलेल्या असतात तो लाकडी ठोकळा, आकसून पिना सैल होतात आणि साउंडबोर्डाला चिरा पडतात.

कोरडे करणाऱ्या दांडीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. ती हवेतले पाणी शोषून घेत नाही. ती हवा थोडी तापवते आणि तापलेल्या हवेत तेवढ्याच बाष्पाची सापेक्ष आर्द्रता कमी भरते. २५ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचे तापमान केवळ ३ अंशांनी वाढवले, तर आर्द्रता सुमारे ५९ टक्क्यांवर येते. हा एक आकडा समजला की बसवणीचे अर्धे नियम आपोआप समजतात. साउंडबोर्डाभोवतीची हवा दोन-चार अंशांनी उबदार राहिली पाहिजे आणि ती तिथे टिकली पाहिजे. दांडी साधारण २५ ते ५० वॅटची असते; एवढ्या उष्णतेने मोकळ्या खोलीतील हवा तापत नाही, आणि झाकलेल्या पोटातील हवा मात्र सहज तापते.

काम हाती घेण्यापूर्वी मोजमाप करावे आणि त्यात घाई करू नये. नोंद ठेवणारे दोन डिजिटल आर्द्रतामापक घेऊन एक खोलीत आणि दुसरा पियानोच्या आत ठेवावा, आणि निदान दोन-तीन आठवड्यांची नोंद मिळू द्यावी. स्वस्त मापकांच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्यांची परीक्षा घरच्या मिठाने होते. छोट्या वाटीत मीठ घेऊन त्यात ते ओलसर, दाट राहील इतकेच पाणी घालावे, विरघळवू नये. वाटी आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावेत. खोलीच्या तापमानाला डब्यातील आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ७१ दाखवत असेल तर त्याची चूक ४ टक्क्यांची आहे हे कळते. मॅग्नेशियम क्लोराइडने हीच परीक्षा केली तर ३३ टक्के मिळतात, आणि दोन्ही टोके तपासून झाल्यावर मधल्या आकड्यांवर विसंबता येते. याच वेळी काही ठरावीक पट्ट्यांचे सूर ट्यूनिंग अॅपवर मोजून तारखेसह लिहून ठेवावेत आणि त्यांत मंद्र-मध्याच्या सांध्यावरच्या दोन-तीन पट्ट्या आवर्जून घ्याव्यात. यंत्रणेचा उपयोग झाला की नाही, हे पुढे या नोंदीवरूनच सांगता येईल.

हत्यारे फार लागत नाहीत, पण जी लागतात ती नेमकी हवीत. कमी वेगावर चालणारे बॅटरीचे ड्रिल, ड्रिलच्या पात्यावर खोली रोखणारी कॉलर, बुटका आणि लांब असे दोन स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायचा दिवा, दांड्याचा छोटा आरसा, मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल, व्हॅक्यूम क्लीनर, केबल टाय, स्क्रूने बसणाऱ्या क्लिपा, फेल्टच्या (दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या) पट्ट्या आणि खाली अंथरायला जाड चादर एवढे जवळ असावे. यात एक वस्तू मी आग्रहाने जोडतो, ती म्हणजे प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर. तो नसेल तर बसवलेली यंत्रणा चालते आहे की नाही, हे केवळ हिरव्या दिव्यावरून मानून चालावे लागते, आणि हिरवा दिवा वीज आल्याचे सांगतो, काम होत असल्याचे नाही. यंत्रणा मागवतानाच ती आपल्याकडच्या विजेच्या दाबाची, म्हणजे ११० की २२०-२४० व्होल्टची, आहे याची खात्री करून घ्यावी.

ग्रँड पियानोत, म्हणजे तारा आडव्या असलेल्या मोठ्या पियानोत, सगळे काम पियानोखाली आडवे पडून करावे लागते. आधी साउंडबोर्डाची खालची बाजू, रिबा (साउंडबोर्डाला खालून जोडलेल्या बारीक लाकडी पट्ट्या) आणि तुळया (त्याखालचे जाड लाकडी आधार) यांवरची धूळ व्हॅक्यूमने काढून घ्यावी. उबेने वर उठणाऱ्या हवेबरोबर ही धूळ पुढे सगळीकडे पसरते. स्क्रू फक्त जाड तुळयांत किंवा कडेच्या भक्कम चौकटीत घालायचे असतात; साउंडबोर्डात किंवा रिबांत एकही स्क्रू घालायचा नाही, क्लिपही चिकटवायची नाही. ड्रिलचे तोंड वरच्या दिशेला असते आणि वर काही सेंटिमीटरवर तो ८ मिलिमीटरचा साउंडबोर्ड असतो, म्हणून पात्यावर कॉलर लावल्याशिवाय ड्रिल हातातच घेऊ नये. केवळ चिकटपट्टीची खूण पुरेशी नाही, कारण भुसा पडू लागला की ती वर सरकते. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचे भोक पाडावे, स्क्रूच्या आट्यांवर थोडे मेण चोळावे आणि शेवटचे चार-पाच आटे हातानेच फिरवावेत. तुळई बीच किंवा मेपलसारख्या कठीण लाकडाची असेल, तर कोरडा स्क्रू मध्येच पिळवटून तुटतो आणि मान वर करून तुटका स्क्रू काढण्यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही.

दांडी तुळयांच्या आधाराने आडवी टांगायची, साउंडबोर्डाला चिकटून नाही आणि थेट त्याच्या एकाच रेषेखाली ऊब जाईल अशीही नाही. वाफ देणाऱ्या टाकीच्या वर जो आडोसा यंत्रणेसोबत येतो, तो गाळण्याचा मोह टाळावा; त्याच्यामुळे ओली हवा वर एका ठिपक्यावर न धडकता आडवी पसरते. टाकी दोन्ही दिशांनी सपाट बसली पाहिजे, नाहीतर एका बाजूचे पॅड कोरडे राहतात आणि दुसरीकडून पाणी सांडण्याची भीती राहते. पॅड बदलण्यासाठी टाकी खाली काढता येईल एवढी जागाही सोडावी. बसवताना हे सुचत नाही आणि सहा महिन्यांनी पेडलचा सांगाडा आडवा येतो. पाणी भरायची नळी पट्ट्यांच्या खालच्या कडेशी, वाकून सहज हात पोहोचेल अशा ठिकाणी आणावी. जी नळी शोधावी लागते तिच्यात वेळेवर पाणी पडत नाही.

ह्युमिडिस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. पियानोच्या पोटातील खऱ्या स्थितीची बातमी त्यानेच द्यायची असते. तो दांडीच्या जवळ लावला, तर त्याला सतत कोरडी हवा लागते, तो टाकीला वीज देत राहतो आणि पलीकडचा साउंडबोर्ड दमट होत जातो. टाकीच्या वर लावला तर नेमके उलटे होते. खिडकी किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोताच्या बाजूला लावला, तर तो पियानोऐवजी खोलीची आर्द्रता मोजत बसतो. माझ्या अनुभवात ‘यंत्र बिघडले’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते आणि हा छोटा डबा चुकीच्या जागी आढळतो. तो दांडी आणि टाकी या दोहोंपासून दूर, साउंडबोर्डाच्या पातळीच्या जवळ, पोटाच्या मध्यभागाकडच्या तुळईवर, हवा त्याच्याभोवती सर्व बाजूंनी खेळेल अशा रीतीने लावावा. निर्मात्याच्या नकाशात दिलेली अंतरे ही किमान अंतरे समजावीत. जागा असेल तर ती वाढवावीत.

तो कायमचा बसवण्यापूर्वी एक चाचणी मी कधीही चुकवत नाही. सर्व जोडण्या करून प्लग वॅटमीटरमधून लावायचा. ह्युमिडिस्टॅट मोकळा लोंबत ठेवून एका पारदर्शक झिप-पिशवीत घालायचा, केबलपुरते तोंड सोडून पिशवी बंद करायची आणि आत एक ओला, पिळलेला स्पंज ठेवायचा. तो ह्युमिडिस्टॅटला टेकता कामा नये. काही मिनिटांत पिशवीच्या आतल्या बाजूला अंधूक वाफ धरते, आणि त्यानंतर मीटरवरचा आकडा बदलून कोरडे करणाऱ्या दांडीच्या वॅटशी जुळतो. हात जवळ नेला की दांडी कोमट होऊ लागल्याचे जाणवते. मग स्पंज काढून पिशवी पुसायची आणि ओलावा शोषणाऱ्या ताज्या सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या. या वेळी थोडा अधिक धीर धरावा लागतो, पण आकडा पुन्हा बदलतो, दांडी थंड पडू लागते आणि टाकीच्या बाजूला वीज जाते. दोन्ही दिशांना बदल झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच स्क्रू आवळावेत. टाकीत पाणी भरूनच ही दुसरी चाचणी करायची, कारण पाणी नसेल तर टाकीची दांडी सुरक्षिततेसाठी बंद राहते.

केबलींची बांधणी हे दिसायला किरकोळ पण कानाला जाचणारे प्रकरण आहे. साउंडबोर्डाला किंवा रिबेला टेकलेली एक सैल केबल ठरावीक सुरावर अशी झणझणते, की वाजवणाऱ्याला तार तुटल्याची किंवा चीर पडल्याची शंका येते. चिकटणाऱ्या क्लिपा कच्च्या लाकडावर आणि धुळीवर टिकत नाहीत. पॉलिश असलेल्या जागी स्पिरिटने पुसून लावल्या तरच धरतात, अन्यत्र स्क्रूच्या क्लिपा वापराव्यात आणि जिथे केबल लाकडावरून जाते तिथे फेल्टची पट्टी घालावी. भिंतीकडे जाणाऱ्या केबलला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे चुकून पाणी ओघळले तरी ते प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली गळते. सगळे झाल्यावर उजवे पेडल दाबून एकेक पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत जोरात वाजवून पाहावी. दिव्याच्या बटणावर चालणाऱ्या सॉकेटमध्ये ही यंत्रणा कधीही लावू नये. खोलीचे दिवे मालवले की ती बंद पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

उभ्या पियानोचे काम तुलनेने सोपे आहे, कारण खालची फळी स्प्रिंग दाबून काढली की सारे समोर येते आणि लाकडी खोक्यामुळे हवा आधीच बरीचशी कोंडलेली असते. तिथे अडचण असते ती पेडलच्या दांड्यांची. टाकी ठेवल्यावर तिन्ही पेडल एकेक करून आणि मग एकत्र, पूर्ण खालपर्यंत दाबून पाहावीत; एखादी दांडी टाकीच्या कडेला पुसटसा स्पर्श जरी करत असली, तरी कालांतराने त्याचा टकटक आवाज होतो किंवा टाकी सरकते. लहान आकाराच्या उभ्या पियानोत टाकीला जागा खरोखरच पुरत नाही, तेव्हा ती कोंबून बसवण्यापेक्षा फक्त कोरडे करणारी दांडी आणि ह्युमिडिस्टॅट लावावा. ह्युमिडिस्टॅटशिवाय नुसती दांडी लावून ती वर्षभर चालू ठेवण्याची पद्धत मात्र मला मुळीच मान्य नाही. दमट महिन्यांत ती उपकारक असते आणि कोरड्या महिन्यांत तीच पिना सैल करते. जुन्या काळी लोक पियानोत विजेचा बल्ब लावून ठेवत, त्यालाही हाच आक्षेप आहे, शिवाय एकाच जागी होणाऱ्या उष्णतेचा आणि आगीचा धोका वेगळा. सिलिका जेलच्या थैल्या एकदा ओलावा पिऊन झाल्या की वाळवल्याशिवाय निरुपयोगी असतात आणि पियानोभर पुरेल इतके जेल वेळच्या वेळी वाळवणारा मालक विरळाच.

ग्रँडसाठी साउंडबोर्डाच्या खालून लावायचे कापडी आवरण आणि तारांवर पसरायची लोकरी चादर मिळते. बरेच जण या दोन वस्तू जादा खर्च म्हणून टाळतात, आणि माझ्या मते हीच या सगळ्या व्यवहारातली सर्वांत चुकीची काटकसर आहे. वर दिलेला तापमानाचा हिशेब पुन्हा आठवावा: तीन अंशांची ती ऊब उघड्या पोटाखालून पंख्याच्या वाऱ्याने क्षणात निघून जाते. आवरण लावलेल्या आणि न लावलेल्या ग्रँडच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आवरण असलेल्याची रेषा कितीतरी सपाट दिसते. खालचे आवरण हवा खेळू देणाऱ्या कापडाचे असते, त्यामुळे आवाजावर होणारा परिणाम किंचित असतो. तारांवरची चादर वाजवताना काढायची असते. आवरण लावताना टाकीच्या आणि नळीच्या बाजूला उघडता येणारा भाग येईल असे पाहावे.

पाणी भरताना टाकीसोबत दिलेल्या मापापेक्षा जास्त ओतू नये आणि प्रत्येक वेळी पॅडसाठीचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालावे. ते पॅडला पाणी नीट ओढू देते आणि क्षारांचा थर लवकर धरू देत नाही. पॅड साधारण सहा महिन्यांनी बदलतात, पण पाणी जड असेल तर पुठ्ठ्यासारखे कडक झालेले पॅड त्याआधीच हाताला लागतात, आणि तसे आढळले तर लाल दिव्याची वाट पाहू नये. पियानो जागेवरून हलवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असेल तरी यंत्रणा चालूच ठेवावी. पाणी संपले तर टाकीचा भाग आपोआप थांबतो आणि कोरडे करणारी दांडी तिचे काम करत राहते.

या यंत्रणेकडून काय अपेक्षा करू नये, हेही स्पष्ट असावे. ती साउंडबोर्ड, ब्रिज आणि पिनब्लॉक यांना चांगले सांभाळते. ग्रँडच्या पट्ट्या आणि हातोड्यांच्या भागापर्यंत तिचा परिणाम कमी पोहोचतो, म्हणून फार दमट खोलीत पट्ट्या जड होण्याची तक्रार पूर्णपणे जाईलच असे नाही. पडलेली चीर ती भरून काढत नाही, झिजलेल्या पिना घट्ट करत नाही. पियानो उन्हाच्या खिडकीशी, हीटरजवळ किंवा थंड हवेच्या झोतात ठेवलेला असेल, तर आधी त्याची जागा बदलावी आणि मग यंत्रणेचा विचार करावा. खोलीत चांगल्या प्रतीचे डिह्युमिडिफायर आणि ह्युमिडिफायर कायम चालवणे ज्यांना शक्य आहे, त्यांच्या पियानोचे हातोड्यांसकट सगळेच भाग सुस्थितीत राहतात. फक्त तो उपाय माणसाच्या शिस्तीवर चालतो आणि पियानोतील यंत्रणा पाण्यापलीकडे फारसे काही मागत नाही.

बसवल्यानंतर लगेच सूक्ष्म ट्यूनिंग करून घेण्याची घाई करू नये. फेल्ट काही दिवसांत नव्या आर्द्रतेला जुळते, पण जाड लाकडाला आठवडे लागतात आणि त्या काळात सूर सरकत राहतात. दमट खोलीतला पियानो या काळात उतरतो, आणि ते यंत्रणा काम करत असल्याचेच लक्षण आहे. दोन-तीन आठवड्यांनी एकदा ढोबळ सूर लावावेत आणि पियानोतल्या मापकाची रेषा सपाट झाल्यावर बारीक काम करावे. पुढचा ऋतू पालटला की सुरुवातीला लिहून ठेवलेल्या पट्ट्यांचे सूर पुन्हा मोजावेत. खोलीची रेषा वरखाली होत असताना पियानोतली रेषाही तिच्यामागे जात असेल, तर आधी आवरण कुठे उघडे राहिले आहे ते पाहावे, नंतर ह्युमिडिस्टॅटची जागा तपासावी, आणि आणखी एक दांडी वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.